गाऱ्हाणं शंभर मिनिटांत: सी-व्हिजिल ॲप कोकणात कितपत चालतं?

मतं मागायला आलेला माणूस रस्त्याचं, पाण्याचं, आंब्याच्या दराचं बोलायचं सोडून "आपले" आणि "ते" असं सुरू करतो, तेव्हा पहिल्यांदा मतदान करणाऱ्या पोरापोरींनी काय करायचं? तिथंच भांडण काढलं तर ज्याला फूट हवी आहे त्याचंच फावतं. गप्प बसलं तरी त्याचंच फावतं. आचारसंहितेच्या भंगाची तक्रार घेणारं निवडणूक आयोगाचं सी-व्हिजिल हे फुकट ॲप या दोन्हींच्या मधली वाट देतं, असा त्याचा बोलबाला आहे. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनाऱ्यावर ते नेमकं कुठं उपयोगी पडतं आणि कुठं कोरडं जातं, ते सांगण्यासाठी हे परीक्षण.

गुण आधीच देऊन टाकतो. बेकायदा फलक आणि पत्रकांसाठी पाचपैकी साडेचार. धर्माच्या, जातीच्या नावावर केलेल्या भाषणासाठी अडीच. मोबाइलवरून पसरणाऱ्या विषासाठी अर्धा, तोही पदरचा.

ॲप 2018 सालचं. ॲन्ड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालतं. आयोगाने 2025 मध्ये आपली बरीचशी ॲप्स ईसीआयनेट या एकाच छत्राखाली आणली, त्यात हेही आलं. निवडणूक जाहीर झाली की ते जागं होतं आणि मतदानाच्या दुसऱ्या दिवसापर्यंत जागं राहतं. मोबाइल नंबर आणि ओटीपी देऊन नोंदणी करता येते, नाव-नंबर न देताही तक्रार करता येते. मतदार ओळखपत्र विचारत नाही, म्हणजे यादीत अजून नाव आलेलं नसलं तरी अडत नाही. (नाव यायला हवंच. 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर अशा वर्षाला चार तारखा आहेत. जिच्यात अठरा पुरी होतात ती धरून नमुना 6 भरायचा, आणि सतरा पुरी झाल्यावर आगाऊही भरता येतो.)

ॲप उघडायचं, फोटो, व्हिडिओ किंवा आवाज यातलं एक निवडायचं, तिथल्या तिथं टिपायचं, प्रकार निवडायचा, दोन ओळी लिहायच्या, पाठवायचं. व्हिडिओ जास्तीत जास्त दोन मिनिटांचा. टिपल्यापासून पाठवायला पाच मिनिटं मिळतात, ती गेली की पुन्हा पहिल्यापासून. जागा जीपीएसवरून आपोआप नोंदली जाते. गॅलरीतला जुना फोटो चढवता येत नाही आणि ॲपमधून काढलेला फोटो गॅलरीत उतरतही नाही. यातली पहिली अट योग्यच आहे, नाहीतर कुठल्या तरी दुसऱ्या राज्यातला पाच वर्षांपूर्वीचा व्हिडिओ "आपल्या गावातला" म्हणून आयोगाच्याच गळ्यात मारला गेला असता. दुसरी अट मात्र महागात पडते. तक्रार पाठवली की पुरावा तुमच्या हातातून गेला. म्हणून दोघांनी मिळून काम करावं: एकाने ॲपमध्ये टिपायचं, दुसऱ्याने त्याच वेळी आपल्या साध्या कॅमेऱ्यात. एकट्याला हे जमत नाही, एवढं लक्षात ठेवा.

तक्रार गेल्यावर शंभर मिनिटांचं घड्याळ सुरू होतं. पाच मिनिटांत जिल्हा नियंत्रण कक्षाने ती भरारी पथकाकडे द्यायची, पंधरा मिनिटांत पथकाने पोहोचायचं, तीस मिनिटांत पाहणी, उरलेल्या पन्नासात निवडणूक निर्णय अधिकाऱ्याचा निकाल. नोंदणी केलेल्याला तक्रारीचा क्रमांक मिळतो आणि पुढे काय झालं ते दिसतं. निनावी तक्रारीला हे दिसणं नाही.

आता फलक. 2024 च्या लोकसभेला 29 मार्चपर्यंत देशभरातून 79 हजारांहून जास्त तक्रारी आल्या, असं आयोगाने जाहीर केलं होतं. त्यातल्या 73 टक्के बेकायदा होर्डिंग आणि बॅनरच्या. 89 टक्क्यांच्या आसपास तक्रारी शंभर मिनिटांत मिटल्याचंही त्यात होतं. आकडे घवघवीत आहेत, पण नीट वाचले तर ॲपचा स्वभाव कळतो. फलक जागचा हलत नाही. पथक पोहोचेपर्यंत तो तिथंच असतो, परवानगी आहे की नाही हे कागदावर दिसतं, काढून टाकला की तक्रार मिटली. तोंडातून निघालेला शब्द पथकाची वाट बघत थांबत नाही.

म्हणून या परीक्षणातला सगळ्यात कामाचा मुद्दा हा: मजकुरावर भांडण्याआधी मजकुराखालची ओळ बघा. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951, कलम 127-अ. निवडणुकीच्या पत्रकावर आणि भित्तिपत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक या दोघांचं नाव-पत्ता छापलेला असलाच पाहिजे. नसेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. रात्री दाराखालून सरकवलेलं, एसटी स्टँडच्या बाकांवर टाकलेलं, एखाद्या समाजाविरुद्ध चिथावणारं पत्रक जवळजवळ नेहमीच बेवारशी असतं, कारण त्याखाली नाव घालायची कुणाची छाती नसते. "यात धर्माचा अपमान कुठाय, हे तर इतिहासातलं आहे" असा वाद मजकुरावर दिवसभर घालता येतो, नसलेल्या ओळीवर घालता येत नाही. पत्रकाचे दोन फोटो काढा, एक पूर्ण पानाचा आणि एक तळाच्या पट्टीचा जवळून. पत्रक पाठपोट असेल तर मागचीही बाजू घ्या, ओळ कधीकधी तिकडे बारीक अक्षरात असते आणि मग तक्रार फुकट जाते. नुसती सभेची तारीख, वेळ, ठिकाण सांगणारी पत्रकं या कलमात येत नाहीत, त्यांच्यामागे लागू नका.

तसंच ध्वनिक्षेपकाचं. रात्री दहा ते सकाळी सहा बंद. दहा वाजून दहा मिनिटांनी चालू असलेला कर्णा हे घड्याळावर मोजता येणारं उल्लंघन आहे, तो काय ओकतोय हा पुढचा प्रश्न. मतदान संपण्याआधीच्या 48 तासांत जाहीर प्रचार केला तर तेही तसंच.

भाषणाकडे वळलं की ॲपची दमछाक सुरू होते. प्रकारांच्या यादीत धार्मिक किंवा जातीय भाषण-संदेश असा स्वतंत्र प्रकार आहे, तो निवडायचा. चुकून "इतर" दाबलं की तक्रार कुणाच्या टेबलावर जाईल याचा नेम नाही. नियम आदर्श आचारसंहितेच्या पहिल्याच भागात आहेत: समाजासमाजातली दरी वाढेल असं काही करायचं नाही, जात किंवा धर्माच्या भावनेला हात घालून मतं मागायची नाहीत, देऊळ, मशीद, चर्च प्रचाराचा मंच म्हणून वापरायचं नाही. त्याच 1951 च्या कायद्यातली कलमं 123(3) आणि 123(3-अ) हा भ्रष्ट आचार ठरवतात. सर्वोच्च न्यायालयाने 2 जानेवारी 2017 रोजी, सात न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध तीन मतांनी, हेही स्पष्ट केलं की उमेदवाराचाच नव्हे, तर मतदाराचा धर्म पुढे करून मत मागणंही यात येतं. "मी अमुक आहे म्हणून मत द्या" आणि "तुम्ही अमुक आहात म्हणून मत द्या", दोन्ही बाद.

हे कागदावर ठीक आहे. सभेत काय होतं? वक्ता चाळीस मिनिटं विकासाचं बोलतो आणि मधली दोन वाक्यं टाकून पुढे जातो. दोन मिनिटांचा व्हिडिओ सुरुवातीलाच खर्च केलात तर हाती फक्त "बंधू-भगिनींनो" लागतं. साधा कॅमेरा सलग चालू ठेवा, ॲप हातात तयार ठेवा आणि सूर बदलला की बटण दाबा. कर्ण्याच्या थेट समोर उभं राहू नका, आवाज फाटतो. बाजूला तिरपं उभं राहा, चेहरा आणि मंचावरचा फलक एका चौकटीत आला पाहिजे. बंदराजवळच्या सभेत होड्यांच्या इंजिनांचा घरघराट सगळं खाऊन टाकतो, तिथं एखाद्याने शब्द वहीत उतरवून घ्यावेत, वेळेसकट.

वहीचं दुसरंही कारण आहे. निवडणूक निरीक्षक परराज्यातले अधिकारी असतात. त्यांना मालवणी किंवा संगमेश्वरी बोलीतला टोमणा कळण्याची आशा करू नका. "तेंका एकदा खाडीपलीकडे धाडूक व्हया" हे वाक्य ऐकणाऱ्या वाडीला बरोबर समजतं कुणाबद्दल आहे, व्हिडिओ बघणाऱ्या अधिकाऱ्याला वाटतं होडीचा विषय चाललाय. म्हणून वर्णनाच्या रकान्यात तीन गोष्टी लिहा: मूळ शब्द जसेच्या तसे, सरळ मराठीत त्यांचा अर्थ, आणि "ते" म्हणजे कोण हे आधीच्या कुठल्या वाक्यावरून ठरतं. "भाषण फार भडकाऊ होतं" या तक्रारीला काडीची किंमत नाही.

सभामंडपाचा गुंता खास आपल्याकडचा. कोकणातल्या बऱ्याच गावांत बैठकीला दुसरी जागाच नसते. गावकी भरते ती ग्रामदेवतेच्या सभामंडपात, जमातीची बैठक मशिदीलगत. गावकी भरणं हा आचारसंहितेचा भंग नाही. त्याच मंडपात उमेदवार किंवा त्याचा माणूस उठून मत मागतो तो भंग. कीर्तन, वाझ (मुसलमानांचं धार्मिक प्रवचन), पालखी, उरूस, नाताळची प्रार्थना यांपैकी कशावरही बटण दाबू नका, जोवर तिथं मत मागितलं गेलेलं नाही किंवा दुसऱ्या समाजाविरुद्ध चिथावणी दिलेली नाही. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण हेच ॲप उलटंही चालवता येतं. मोहल्ल्यातल्या हिरव्या पताकेवर तक्रार आणि देवळावरच्या भगव्यावर डोळेझाक, किंवा याच्या बरोबर उलट, असं कुणी केलं तर फूट पाडणाऱ्याचं काम पोराने फुकटात केलं. रत्नागिरीजवळच्या हातीसला पीर बाबरशेखचा उरूस दोन्ही समाज मिळून साजरा करतात. अशा ठिकाणी एक चुकीची तक्रार वर्षानुवर्षांच्या घडीला सुरकुती पाडते. पाठवण्याआधी गटातल्या दुसऱ्या समाजाच्या मित्राला एकदा दाखवा. त्याला पटलं तर पाठवा. आणि गटात दुसऱ्या समाजाचा कुणीच नसेल तर आधी गट दुरुस्त करा.

आता भूगोल. पंधरा मिनिटांत पथक पोहोचेल हा हिशोब ज्याने मांडला त्याने दापोलीहून आंजर्ल्यापलीकडे केळशी गाठून बघावी. वळणं, चढ-उतार, पलीकडचं गाव डोळ्यांसमोर आणि मध्ये खाडी. दाभोळ ते धोपावे, जयगड ते तवसाळ, वेश्वी ते बागमांडले, या फेरीबोटी रात्री उभ्या असतात आणि प्रचाराचं खरं रण रात्रीच माजतं. पथक खाडीच्या तुमच्या बाजूला फिरत असेल तर नशीब. घड्याळ शंभर मिनिटांत तक्रार बंद करायची घाई करतं आणि पथकाला जागेवर काही सापडलं नाही की ती "तथ्य नाही" म्हणून निकालात निघू शकते. यावर उतारा एकच: भाषणाच्या तक्रारीत ॲप ही पहिली पायरी समजा. त्याच रात्री किंवा दुसऱ्या सकाळी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या, ॲपचा तक्रार क्रमांक वर लिहा, पोच घ्या. दापोली आणि गुहागरकरांनी एक ध्यानात ठेवावं. जिल्हा रत्नागिरी असला तरी लोकसभेला हे दोन्ही विधानसभा मतदारसंघ रायगडमध्ये येतात. कागदावर लोकसभा आणि विधानसभा दोन्ही मतदारसंघांची नावं घाला, नाहीतर अर्ज अलिबाग-रत्नागिरी खेळत बसतो.

दक्षिण टोकाला वेगळी गंमत. निवडणूक असलेल्या राज्याबाहेर पाऊल पडलं की ॲप निपचित पडतं. नोव्हेंबर 2024 ची विधानसभा महाराष्ट्राची होती, गोव्याची नव्हती. तेरेखोलचा किल्ला नदीच्या आपल्या काठावर असला तरी तो गोव्याच्या हद्दीत आहे. रेडी-शिरोड्याच्या पोरांनी फोटो काढण्यापूर्वी आपण कुठल्या राज्यात उभे आहोत ते बघावं. रेंजचंही तसंच. खाडीकाठच्या खोलगट वाड्यांत पाच मिनिटांच्या आत तक्रार वर जात नाही. आधी रेंजची जागा हेरून ठेवा, मगच टिपा. फलकाला हे जमतं, भाषणाला जमेलच असं नाही.

निनावी राहण्याबद्दल एक सावधगिरी. नाव दिलं नाही तरी जीपीएसची खूण तुम्ही उभे असता तिथं पडते. पडवीत उभं राहून समोरचा फलक टिपलात तर पथकाचा नकाशा तुमच्या पडवीत येऊन थांबेल आणि मग सगळ्या वाडीला कळेल. रस्त्यावर, स्टँडवर, नाक्यावर जाऊन टिपा.

मोबाइलमधल्या विषाला अर्धाच गुण का? कारण ॲप जागा टिपतं आणि व्हॉट्सॲपच्या संदेशाला जागा नसते. पडद्याचा फोटो काढून पाठवता येईल, पण पथक कुठल्या पत्त्यावर जाणार? इथं तीन वेगळी हत्यारं लागतात. संदेशावर दुहेरी बाण दिसला की तो अनेकदा फिरून आलेला आहे, तो एका वेळी एकाच ठिकाणी पुढे जातो. एप्रिल 2020 पासून तशी मर्यादा आहे. दुसरं, वाडीच्या आणि मंडळाच्या ग्रुपचे ॲडमिन बहुतेक तरुणच असतात आणि ॲडमिनला कुणाचाही संदेश सगळ्यांसाठी पुसता येतो. पुसण्याआधी पाठवणाऱ्याचा नंबर आणि वेळ दिसेल असा पडद्याचा फोटो घ्या. ॲडमिनच्या डोक्यावरची भीती थोडी कमी करू: मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये सांगितलं आहे की सभासदाने टाकलेल्या मजकुराला नुसता ॲडमिन आहे म्हणून कुणी जबाबदार ठरत नाही, त्यात त्याचा हात असल्याचं दिसलं पाहिजे. तिसरं म्हणजे पोलीस. दोन समाजांत वैर पसरवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 196 खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद, प्रार्थनास्थळी केला तर पाच. तो निवडणुकीबाहेरही गुन्हाच असतो. सर्वोच्च न्यायालयाने 28 एप्रिल 2023 रोजी सगळ्या राज्यांना बजावलं होतं की द्वेषपूर्ण भाषणावर तक्रारीची वाट न बघता गुन्हा नोंदवा. ठाण्यात जाताना या आदेशाची तारीख तोंडपाठ असलेली बरी. आणि दगडफेकीची चिन्हं दिसली तर ॲपबिॲप बाजूला ठेवून 112.

पुरावा सांभाळण्याचा भाग कंटाळवाणा आहे, आणि नेमका तिथंच उत्साह गळतो. मूळ फाइल ज्या फोनमध्ये टिपली त्यातच राहू द्या. व्हॉट्सॲपवरून साधा व्हिडिओ म्हणून एकमेकांना पाठवली की ती दाबली जाते, आकार बदलतो आणि मूळ कोणती हा प्रश्न उभा राहतो. प्रत केबलने काढा. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, त्याच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात फाइलची हॅश किंमत (फाइलवरून संगणक काढतो तो अंक-अक्षरांचा ठसा, फाइल जरा बदलली की तोही बदलतो) लिहायची असते. ती त्याच दिवशी काढून वहीत नोंदवली तर पुढे कुणी "व्हिडिओ जोडतोड करून केलाय" म्हणालं तरी तोंड बंद.

एवढा खटाटोप कशाला, तर 45 दिवसांसाठी. निवडून आलेल्या उमेदवाराविरुद्ध भ्रष्ट आचाराची याचिका निकालापासून 45 दिवसांच्या आत उच्च न्यायालयात करावी लागते आणि ती त्या मतदारसंघातला कुठलाही मतदार करू शकतो. आयोगाने 2025 मध्ये चित्रीकरण जपण्याचे नियम बदलले. याचिका झाली नाही तर निवडणुकीच्या टप्प्यांचं सरकारी चित्रीकरण 45 दिवसांनंतर पुसलं जाऊ शकतं. म्हणजे सेहेचाळिसाव्या दिवशी तुमच्या फोनमधली फाइल हीच काय ती उरते. उदाहरण मुंबईतल्या विलेपार्ल्याच्या विधानसभा पोटनिवडणुकीचं, 1987 चं. धर्माच्या नावावर मतं मागितल्याबद्दल उच्च न्यायालयाने ती 1989 मध्ये रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं, आणि त्या सभांतल्या भाषणांपायी बाळासाहेब ठाकऱ्यांचा मताचा हक्क 1999 मध्ये सहा वर्षांसाठी गेला. मुदत 1995 पासून मोजली होती. ॲपचं घड्याळ मिनिटांचं आणि न्यायालयाचं वर्षांचं, हा फरक ठाऊक नसलेली पोरं शंभर मिनिटांनी निराश होऊन ॲप काढून टाकतात.

शेवटचं, आणि हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. सी-व्हिजिल लोकसभा, विधानसभा आणि त्यांच्या पोटनिवडणुकांपुरतंच. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपरिषद यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, तो वेगळा. वाडी विरुद्ध मोहल्ला ही रेघ सगळ्यात खोल ओढली जाते ती ग्रामपंचायतीला, आणि तेव्हा हे ॲप तुमच्या फोनमध्ये झोपलेलं असतं. तिथं तहसील कार्यालयातला अर्ज, त्यावरचा पोचेचा शिक्का आणि ती वही.